बीम डायनॅमिक्समध्ये पीएचडी करू का?

पत्र

आदरणीय मॅडम,

मी कोल्हापूरला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मी स्टोरेज रिंगमधल्या, म्हणजे कण तासन्‌तास फिरवत ठेवणाऱ्या गोल यंत्रातल्या, इलेक्ट्रॉनच्या कक्षेचं सिम्युलेशन केलं आणि ते काम मला मनापासून आवडलं. आता बीम डायनॅमिक्समध्येच, म्हणजे यंत्रात कणांचा झोत (बीम) कसा फिरतो या विषयातच, पीएचडी करावी असं वाटतं. पण आमचे एक सर म्हणतात, ‘ते इंजिनिअरिंग झालं. एवढे मार्क आहेत तर कणभौतिकी घे, मोठ्या प्रयोगाच्या डेटावर काम कर, नवा कण सापडला तर शोधणाऱ्यांत तुझं नाव येईल.’ वडील साखर कारखान्यात पॅन विभागात फिटर आहेत. त्यांचा प्रश्न साधा आहे, ‘यातून नोकरी कुठे?’ आणि मला स्वतःला वेगळीच भीती वाटते. कणांना वेग देणारी ही यंत्रं, अ‍ॅक्सिलरेटर, उभी राहायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, काही तर मध्येच गुंडाळली जातात. ऐन उमेदीची वर्षं कागदावरच राहणाऱ्या यंत्रात गेली तर? भारतात राहावं की बाहेर जावं, तेही ठरत नाही.

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. बीम डायनॅमिक्स घे. फक्त एक अट पाळ: पीएचडीच्या काळात तुझ्यासमोर चालू यंत्र असलं पाहिजे आणि त्याच्या कंट्रोल रूममध्ये तुला स्वतःला बसायला मिळालं पाहिजे. बाकी सगळं या अटीनंतर.

सरांच्या बोलण्याचा राग मानू नकोस. आपल्याकडे एमएस्सीला अ‍ॅक्सिलरेटर भेटतो तो न्यूक्लियर फिजिक्सच्या पेपरातल्या एखाद्या प्रकरणात. सायक्लोट्रॉनची आकृती, इंग्रजी डी अक्षरासारखी दोन इलेक्ट्रोड, वारंवारतेचं सूत्र आणि परीक्षेला एक टीप. तेवढ्यावरून मत बनवलं तर हे लोहार-सुताराचं काम वाटणारच. पण त्यांच्यापुढे एक गोष्ट जरूर ठेव.

जिनिव्हाजवळ सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत आज ज्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉन आदळवणारं एलएचसी आहे, तिथे 1989 ते 2000 या काळात एलईपी नावाचं यंत्र चालायचं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळवून झेड कणाचं वस्तुमान मोजायचं, हे त्याचं एक मुख्य काम. आता हे वस्तुमान अचूक हवं तर आधी बीमची ऊर्जा अचूक माहीत हवी. ती मोजायला बसले तेव्हा दिसलं, की यंत्रावर काहीही बदल न करता ऊर्जा दिवसाच्या ठरावीक वेळांना वरखाली होते. कारण निघालं चंद्र. समुद्राला भरती येते तशी जमिनीच्या कवचालाही येते, आणि त्या ताणाने 27 किलोमीटरच्या रिंगचा परीघ साधारण एक मिलिमीटरने बदलत होता. बीमच्या फेरीची लांबी रेडिओ वारंवारतेने बांधलेली, ती बदलत नाही. रिंग मात्र ताणली जाते. मग बीम त्याला आवळून धरणाऱ्या क्वाड्रुपोल चुंबकांच्या मध्यातून न जाता किंचित बाजूने जातो आणि त्याची ऊर्जा सरकते. जिनिव्हा सरोवराच्या पाण्याची पातळी बदलली तरी असाच परिणाम व्हायचा.

तेवढ्यावर भागलं नाही. बीमला वळवणाऱ्या डायपोल चुंबकांच्या क्षेत्रात दिवसभर बारीक खुडबूड दिसायची आणि मध्यरात्रीनंतर काही तास ती थांबायची. 1995 मध्ये उलगडा झाला. जिनिव्हाहून सुटणाऱ्या टीजीव्ही या वेगवान फ्रेंच गाड्यांच्या रुळांतून थोडा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपत होता आणि वाट काढत यंत्राच्या निर्वात नळीतून वाहत होता. रुळाचा व्होल्टेज, नळीतला प्रवाह आणि चुंबकाचं क्षेत्र हे तीन आलेख एकाखाली एक ठेवले तर गाडी सुटल्याची वेळ तिन्हींत दिसते. हे सगळे परिणाम हिशेबात धरल्यावर झेडचं वस्तुमान 91.1876 जीईव्ही ठरलं, त्यातली अनिश्चितता 0.0021. म्हणजे लाखात दोन-तीन भाग. निसर्गात हलक्या न्यूट्रिनोची कुटुंबं तीनच आहेत, हा निष्कर्षही याच मोजणीतून पक्का झाला. चंद्र आणि आगगाडी शोधून काढणारी माणसं बीमची होती. हे भौतिकी नाही असं म्हणायचं असेल तर सरांनी झेडचं वस्तुमानही बाजूला ठेवावं.

आणखी एक नाव त्यांना सांग, सिमॉन व्हॅन डर मीर. शिक्षणाने इंजिनिअर. अँटिप्रोटॉनचा, म्हणजे प्रोटॉनच्या प्रतिकणांचा, विस्कटलेला थवा दाट कसा करायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. रिंगच्या एका बाजूला थव्याच्या छोट्या भागाची सरासरी चूक मोजायची, तो सिग्नल जीवेवरून, म्हणजे जवळच्या वाटेने, पलीकडे पाठवायचा आणि तोच भाग तिथे पोहोचला की त्याला दुरुस्तीचा धक्का द्यायचा. लाखो फेऱ्यांत थवा आटत जातो. कल्पना त्यांना 1968 च्या सुमारास सुचली, पण हे जमेल यावर त्यांचा स्वतःचाच फारसा भरवसा नसल्यामुळे अहवाल लिहिला 1972 मध्ये. त्याच तंत्रावर 1983 मध्ये डब्ल्यू आणि झेड कण सापडले आणि 1984 चं नोबेल कार्लो रुबिया यांच्याबरोबर व्हॅन डर मीर यांना मिळालं. त्यांची कल्पना पहिल्यांदा ऐकली की लिउव्हिलचं प्रमेय, म्हणजे थव्याची दाटी बदलता येत नाही हा नियम, मोडल्यासारखं वाटतं. ते का मोडत नाही, हे तू कागदावर एकदा सोडवून बघ. या विषयातलं इतकं चांगलं गणित मला दुसरं माहीत नाही.

नाव येण्याबद्दल सरांचा मुद्दा अर्धाच खरा आहे. 2015 मध्ये एलएचसीच्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो पेपर काढला त्यावर 5,154 लेखक आहेत. त्यात नाव असणं अभिमानाचं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण बीम डायनॅमिक्सचे बहुतेक पेपर चार-पाच जणांचे असतात, आणि त्यात कोणी काय केलं ते वाचणाऱ्याला कळतं. मुलाखतीला बसलीस की या फरकाची किंमत कळेल.

आता तुझ्याबद्दल. सिम्युलेशन आवडलं म्हणतेस. पण तयार सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरून सुबक आलेख काढणं आणि विषय आवडणं यात अंतर आहे, म्हणून एक काम सांगते. एमएडी-एक्स हे तयार सॉफ्टवेअर बाजूला ठेव. कोऱ्या पायथन फाइलमध्ये दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स लिही: एक जवळ आणणारं क्वाड्रुपोल, मोकळी जागा, एक फाकवणारं क्वाड्रुपोल, पुन्हा तेवढीच मोकळी जागा. गुणाकार करून कर्णावरच्या दोन आकड्यांची बेरीज काढ. ती उणे दोन ते दोन यांच्यामध्ये आहे तोवर कण रिंगमध्ये राहतो. दोन चुंबकांमधलं अंतर नाभीय अंतराच्या दुपटीच्या पुढे गेलं की तो सुटतो. हे पानावर सिद्ध कर, मग संगणकावर सुटताना बघ. एका दिशेने जवळ आणणारं आणि दुसरीकडे फाकवणारं चुंबक आलटून पालटून ठेवलं तर एकूण परिणाम जवळ आणण्याचाच होतो, हे 1952 मध्ये ब्रुकहेवनमध्ये कुरांट, लिव्हिंगस्टन आणि स्नायडर यांनी मांडलं. अथेन्समध्ये लिफ्टच्या कामावर असलेल्या क्रिस्तोफिलोस नावाच्या इंजिनिअरने त्याआधीच, 1950 मध्ये, त्याचा पेटंट अर्ज केला होता.

पुढची पायरी खरी. प्रत्येक फेरीत एका जागी सेक्स्टुपोल चुंबकाचा धक्का घाल, म्हणजे विचलनाच्या वर्गाच्या प्रमाणातला. कण एका फेरीत जितक्या वेळा डोलतो तो ट्यून. त्यातला अपूर्णांक हळूहळू एक तृतीयांशाकडे ने. दर फेरीला स्थान आणि उतार यांचा एक ठिपका काढत जा. आधी गोल कडी दिसेल. मग ती कोपऱ्यांत ताणली जाईल, तिचा त्रिकोण होईल आणि त्रिकोणाबाहेर सुरुवात केलेला कण काही फेऱ्यांत निघून जाईल. दर तिसऱ्या फेरीला तोच धक्का त्याच अवस्थेत बसतो आणि त्यात भर पडत राहते, म्हणून. एलएचसी चालवणारे ट्यूनचे अपूर्णांक 0.31 आणि 0.32 अशा आकड्यांवर धरून बसतात ते याच अनुनादांच्या जाळ्यातून वाट काढण्यासाठी, आणि तिथे प्रोटॉन सेकंदाला 11,245 फेऱ्या मारतो. तो त्रिकोण कुठे फुटतो हे बघत तू रात्री जागलीस, तर तुला विषय आवडला आहे असं मी समजेन. दहा मिनिटांत कंटाळलीस तर तेही आत्ताच कळलेलं बरं. मग सरांचं ऐक.

तुझी भीती रास्त आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये 87 किलोमीटर परिघाचं सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर होणार होतं. सुमारे 23 किलोमीटर बोगदा खणून झाला होता, दोन अब्ज डॉलर खर्ची पडले होते, आणि ऑक्टोबर 1993 मध्ये तिथल्या संसदेने ते रद्द केलं. घरं घेऊन, मुलांच्या शाळा ठरवून तिथे गेलेल्या माणसांना नव्याने नोकऱ्या शोधाव्या लागल्या. जी यंत्रं पूर्ण होतात तीही घाई करत नाहीत. एलएचसीवरची पहिली मोठी बैठक 1984 मध्ये लोझानला झाली, बीम फिरला 10 सप्टेंबर 2008 ला. नऊच दिवसांनी दोन चुंबकांमधला एक विद्युत सांधा निकामी झाला, द्रवरूप हेलियम बोगद्यात उसळलं, आणि पुन्हा बीम यायला वर्षाहून जास्त काळ गेला. त्या वर्षी यंत्रावरच्या मोजमापांवर प्रबंध बेतून बसलेल्या विद्यार्थ्यांवर काय वेळ आली असेल, विचार कर.

म्हणून ती अट. भविष्यातल्या यंत्राचा आराखडा करणं हे मोठं आणि गरजेचं काम आहे, पण ते पीएचडीनंतर कर. पीएचडीत रिंगसमोर बस. इंदूरची इंडस-2 ही इलेक्ट्रॉन रिंग घे उदाहरणाला. परीघ 172.5 मीटर, ऊर्जा 2.5 जीईव्ही. इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांवर फेऱ्या मारतो. दहा तास बीम टिकला तर प्रत्येक इलेक्ट्रॉनने हजार कोटी किलोमीटरहून जास्त अंतर कापलेलं असतं, प्लूटोच्याही पलीकडे, आणि तेही काही सेंटिमीटरच्या नळीतून. सिम्युलेशनमध्ये चुंबक जागच्या जागी असतात, वीजपुरवठा शुद्ध असतो, उन्हाळ्यात थंड पाण्याचं तापमान चढत नाही. कंट्रोल रूममध्ये पहाटे तीनला बीमचं आयुष्य अचानक निम्म्यावर येतं, आणि ते निर्वातामुळे की ट्यून सरकल्यामुळे की कुठल्या वीजपुरवठ्यामुळे, हे तुला पडद्यावरच्या चार आलेखांवरून ओळखायचं असतं. ज्याने हे केलंय त्याचं सिम्युलेशनही वेगळं असतं. त्याला माहीत असतं की कुठली चूक मोजायची आणि कुठली सोडायची. ही नजर पुस्तकातून येत नाही, आणि हीच कुठल्याही नव्या यंत्राला लागते. एक प्रकल्प रद्द झाला तरी ती घेऊन तू दुसरीकडे जाऊ शकतेस.

तेव्हा कुठल्याही मार्गदर्शकाला होकार देण्याआधी थेट विचार: वर्षाला मशिन स्टडीसाठी, म्हणजे यंत्रावरच प्रयोग करायला, किती तास मिळतात? त्यात विद्यार्थी बसतात का, की फक्त डेटा हातात येतो? यंत्र पुढच्या तीन वर्षांत मोठ्या दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे का? आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? यातलं काही विचारणं उद्धटपणाचं नाही. ज्या मार्गदर्शकाला हे प्रश्न खुपतात, तिथे जाऊ नकोस.

वडिलांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्यांच्याशी तू व्हॅक्यूमपासून बोलायला सुरुवात कर. रस आटवणाऱ्या पॅनचा व्हॅक्यूम पडला की काय धावपळ होते हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. स्टोरेज रिंगमध्ये 10⁻⁹ मिलिबारच्या आसपास निर्वात राखावा लागतो, आणि गळती शोधताना नळीवर बाहेरून हेलियम फवारून आत तो येतो का हे बघतात. ते लगेच दहा प्रश्न विचारतील. मग सांग, की जगात 30,000 हून अधिक अ‍ॅक्सिलरेटर आहेत आणि कणभौतिकीसाठी त्यातले अगदी मोजके. बाकीचे रुग्णालयांत कॅन्सरवर किरणोपचार करतात, चिप बनवताना सिलिकॉनमध्ये आयन पेरतात, सिरिंज निर्जंतुक करतात, केबलचं आवरण टणक करतात. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात प्रोटॉन उपचार सुरू झाले आहेत. मुंबईतली समीर ही सरकारी संस्था किरणोपचाराचे लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतले अ‍ॅक्सिलरेटर, स्वतः विकसित करते. ही यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना बीम समजणारी माणसं लागतात. मात्र एक गैरसमज घरात राहू देऊ नकोस: रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करायला वेगळी मान्यताप्राप्त पात्रता लागते, नुसत्या बीम डायनॅमिक्सच्या पीएचडीवर ते होत नाही.

विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं स्वप्न असेल तर स्पष्ट सांगते, त्या जागा भारतात फार थोड्या आहेत. या विषयाची माणसं राष्ट्रीय प्रयोगशाळांत असतात. तिथलं आयुष्य वेगळं, गटात काम करण्याचं, पाळ्यांचं. रात्रपाळी टळत नाही, आणि ती घरच्यांना आधी सांगून ठेवलेली बरी. ‘मुलीला हे झेपेल का’ असं कोणी विचारलंच तर हेलन एडवर्ड्स यांचं नाव घे. फर्मिलॅबमधल्या टेव्हाट्रॉनची, म्हणजे सुपरकंडक्टिंग चुंबकांच्या पहिल्या मोठ्या सिंक्रोट्रॉनची, रचना आणि उभारणी ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली, त्यातल्या त्या प्रमुख.

भारत की बाहेर? मी तुझ्या जागी असते तर भारतातून सुरुवात केली असती. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचा अर्ज भर. एक वर्ष विद्यावेतनासह प्रशिक्षण, मग वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक, आणि काम करत होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून पीएचडी. वडिलांचा प्रश्न तिथेच मिटतो. वयाची अट आणि सेवेचा बाँड मात्र जाहिरातीत नीट वाच. थेट पीएचडीसाठी जेस्ट, नेट, गेट या परीक्षांचा रस्ता आहेच. इंदूरला इलेक्ट्रॉनची रिंग, कोलकात्याला सायक्लोट्रॉन, दिल्लीला आयनांना उच्च व्होल्टेजने वेग देणारा पेलेट्रॉन आणि त्याला जोडलेला सुपरकंडक्टिंग लिनॅक, कुलाब्याला टीआयएफआरमध्ये तसाच जोड, तुर्भ्याला भाभा केंद्राचं प्रोटॉनचं लिनॅक. प्रत्येक ठिकाणचं भौतिकी निराळं. इलेक्ट्रॉन वळताना प्रकाश सोडतो आणि त्याचं डोलणं आपोआप शमतं. कमी ऊर्जेच्या दाट प्रोटॉन बीममध्ये कण एकमेकांना ढकलतात, तिथे स्पेस चार्ज हाच मुख्य शत्रू. तुझं प्रोजेक्ट इलेक्ट्रॉन रिंगवर आहे म्हणून इंदूर आपसूक पुढे येतं, पण प्रोटॉनकडे बघितल्याशिवाय ठरवू नकोस. शिवाय अमेरिकेत फर्मिलॅबला उभ्या राहणाऱ्या पीआयपी-2 या 800 एमईव्हीच्या प्रोटॉन लिनॅकमध्ये भारतीय प्रयोगशाळांचा वाटा आहे, आणि एलएचसीची चुंबकं ज्यांवर टेकली आहेत ते अचूक जॅक हजारोंच्या संख्येने इंदूरच्या केंद्रामार्फत गेले. म्हणजे इथे राहून बाहेरची दारं बंद होत नाहीत.

बाहेर जायचंच ठरलं तर ब्रिटनमधली कॉकक्रॉफ्ट आणि जॉन अ‍ॅडम्स इन्स्टिट्यूट, स्वीडनमधलं लुंड, अमेरिकेतलं कॉर्नेल आणि मिशिगन स्टेट ही नावं आधी बघ. सगळीकडे चालतं यंत्र जवळ आहे. लुंडचं मॅक्स-4 हे तर नव्या पिढीच्या सिंक्रोट्रॉनांतलं पहिलं. त्याच्या लॅटिसवरचे, म्हणजे चुंबकांच्या मांडणीवरचे, पेपर वाचायला घेतलेस तर बीम इतका बारीक करण्याची किंमत काय पडते ते कळेल, आणि ती किंमत म्हणजे पुन्हा तुझा तो त्रिकोणच. अ‍ॅक्सिलरेटर परिषदांचे सगळे पेपर जॅकाऊ या साइटवर फुकट आहेत, आणि ‘फिजिकल रिव्ह्यू अ‍ॅक्सिलरेटर्स अँड बीम्स’ हे मुख्य नियतकालिकही. कोल्हापूरच्या खोलीत बसून तू आणि सर्नमधला विद्यार्थी तेच पान वाचू शकता.

या महिन्यात दोनच गोष्टी कर. पुण्याच्या विद्यापीठात भौतिकी विभागाने 6 एमईव्हीचा रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन हा छोटा इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटर उभारला आहे. विभागाला पत्र लिहून, परवानगी काढून तो बघून ये. बरोबर वडिलांना घेऊन जा. आणि तो सेक्स्टुपोलचा प्रोग्रॅम लिहून त्रिकोण फुटतानाचं चित्र मला पाठव. ट्यून कितीवर ठेवला होतास आणि किती फेऱ्यांनी कण सुटला, तेही सोबत लिही.